मंदाईक अक्षरं मातीच्या वाडग्यावर कशी टिकवायची? सिडनीहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिडनीच्या पश्चिम भागात एक मराठी बाई छोटा कम्युनिटी पॉटरी स्टुडिओ चालवतात. दक्षिण इराकमधून आलेले एक मंदाई कलाकार त्यांच्याकडे काम करतात. मंदाई हा इराक-इराणमधला, वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा घेणारा छोटा, जुना धर्मसमाज, आणि मंदाईक ही त्यांची भाषा आणि लिपी. घरात पिढ्यान् पिढ्या चांदीकाम, आणि आता यांनी माती हातात घेतली आहे. आपल्या धर्मग्रंथांतल्या ओळी आपल्याच लिपीत वाडग्यांच्या आतल्या बाजूला लिहायच्या, असं त्यांच्या मनात आहे. पहिल्या खेपेत टेराकोटाचे वाडगे केले, बिस्क भाजणीनंतर (ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी) काळ्या अंडरग्लेझने, म्हणजे ग्लेझखालच्या रंगाने, ब्रशने लिहिलं आणि वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, दिला. अक्षरं पसरली, गोलाकार अक्षरं बुजली, काळ्याचा तपकिरी झाला आणि बाहेरच्या बाजूला पांढरट डाग आले. माती बदलावी की ग्लेझ? आणि हे वाडगे नदीवरच्या विधीत वापरता येतील का?

माती आणि ग्लेझ दोन्ही बदलावं लागेल, पण सुरुवात तिथून करू नका. आधी ठरवायचं ते हे, की अक्षर वाडग्याच्या कोणत्या थरात बसणार: मातीच्या आत, ग्लेझच्या खाली, ग्लेझच्या अंगात, की भाजून झालेल्या पृष्ठभागावर. माती, तापमान, हत्यार, ग्लेझ हे सगळं त्या एका निर्णयामागून येतं. मंदाईक भाषा बोलणारे आज फार थोडे उरले आहेत, तेही मुख्यतः इराणच्या खुझिस्तानातले आणि तिथून बाहेर पडलेले. लिपी प्रामुख्याने पुरोहितांच्या आणि काही अभ्यासू मंडळींच्या हातात आहे. अशा लिपीतलं अक्षर भट्टीत बुजलं, तर वाचू शकणाऱ्या मोजक्या माणसांनाही ते वाचता येणार नाही. मग वाडगा कितीही देखणा असला तरी वारसा जपण्याचं काम त्याने केलेलं नसतं. म्हणून वाचनीयता ही इथली पहिली अट आहे. रंग, चकाकी, आकार त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. भट्टी कुठवर तापते ते तुम्ही लिहिलेलं नाही. इलेक्ट्रिक भट्टी आहे आणि कोन ६ पर्यंत (कोन हे भट्टीतली उष्णता मोजायचं माप), म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, असं धरून लिहिते. कोणता मजकूर लिहायचा आणि कोणता नाही, हा निर्णय तुमचा किंवा माझा नाही. तो त्या कलाकारांचा आणि त्यांच्या पुरोहितांचा. तिथे मी फक्त काय विचारून घ्यावं तेवढं सांगू शकते.

आधी पहिल्या खेपेत काय झालं ते पाहू. अंडरग्लेझ पसरतं त्याची तीन कारणं नेहमीची आहेत. एक, पारदर्शक ग्लेझ जाड बसलं. वाडग्याच्या आत ओतून फिरवलं की तळाशी थर दुप्पट होतो आणि अक्षरं तिथेच सर्वात जास्त वाहतात. ग्लेझचे १०० मिलिलिटर वजन करून पाहा. ते १४० ते १४५ ग्रॅम भरायला हवं, १५५ भरत असेल तर पाणी घाला. आत ओतून दोन-तीन सेकंदांत उपडं करा. दोन, अंडरग्लेझ कच्चं असताना त्यावर ओलं ग्लेझ आलं आणि रेघ तिथेच विरघळली. ब्रशकाम झाल्यावर वाडगे एकदा ७०० ते ७५० अंशांपर्यंत भाजून घेतले की डिंक जळतो, रंग धरून राहतो. तीन, तापमान ग्लेझच्या गरजेपेक्षा जास्त गेलं. काळ्याचा तपकिरी होणं मात्र वेगळं दुखणं आहे. बहुतेक काळ्या स्टेनमध्ये, म्हणजे मातीकामाच्या रंगाच्या भुकटीत, क्रोम असतं आणि ग्लेझमध्ये झिंक असेल तर क्रोमचा काळा तपकिरीकडे झुकतो. तयार ग्लेझ घेत असाल तर झिंक नसलेलं मागा.

आता जुन्या वाडग्यांबद्दल, कारण त्या कलाकारांच्या डोळ्यासमोर बहुधा तेच असणार. मेसोपोटेमियात साधारण पाचव्या ते आठव्या शतकात मंत्र लिहिलेले मातीचे वाडगे घरांच्या उंबऱ्याखाली आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत उपडे पुरत. ते ज्यूंच्या अरेमाइकमध्ये, सिरियाकमध्ये आणि मंदाईकमध्ये लिहिलेले सापडतात, इराकमधल्या निप्पूरच्या उत्खननातले त्यांत सर्वात प्रसिद्ध. आकार साधा: चाकावरचा, बिनग्लेझचा, तोंडाशी पंधरा-अठरा सेंटिमीटरचा. लिखाण भाजल्यानंतर शाईने केलेलं असतं. म्हणजे अक्षर पृष्ठभागावर नुसतं बसलेलं, मातीत मुरून पक्कं झालेलं नाही. जमिनीखाली, कुणाचा हात न लागता राहिले म्हणून त्यांतले इतके वाचण्याजोगे उरले. आज तीच पद्धत वापरून वाडगा टेबलावर ठेवला तर वर्षभरात बोटांनी शाई पुसली जाईल. निव्वळ प्रदर्शनासाठी हुबेहूब प्रत करायची असेल तर काजळीची शाई वापरा आणि वर पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचं अ‍ॅसिटोनमधलं पाच टक्क्यांचं द्रावण एकच हात द्या. संग्रहालयांत वस्तू जपताना हेच रेझिन वापरतात, ते पिवळं पडत नाही आणि गरज पडली तर काढता येतं. पण अशा वाडग्यात पाणी घालायचं नाही.

त्या कलाकारांसाठी मी सुचवेन ती पद्धत वेगळी आहे आणि ती त्यांच्याच घरातून येते. अमारा, बसरा आणि बगदादच्या मंदाई सोनारांची ओळख म्हणजे चांदीवरचं काळं काम: चांदीत रेघ कोरायची, त्यात चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण भरायचं, तापवून वितळवायचं आणि वरचं घासून काढायचं. खजुराची झाडं, नदीतल्या शिडाच्या होड्या, बगदादजवळची तेसिफोनची प्राचीन कमान ही चित्रं सिगारेटच्या डब्यांवर आणि बांगड्यांवर अशीच आली. मातीत याचा सख्खा भाऊ आहे स्लिप इनले. अर्धवट सुकलेल्या भांड्यात खाच कोरायची, त्यात रंगीत स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली दाट माती, भरायची, सुकल्यावर वरचा थर खरवडायचा. खाचेत भरलेलं काळं राहतं, बाकी पृष्ठभाग स्वच्छ. अक्षर मातीच्या आत बसतं म्हणून ग्लेझ त्याला वाहवत नाही, आणि ग्लेझ न देता सोडलं तरी ते टिकतं. ज्याच्या हाताला कोरण्याची सवय आहे त्याला ब्रशपेक्षा हे लवकर जमतं.

मातीची निवड इथे महत्त्वाची. ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचे कण असलेली माती नको. कोरताना कण ओढला जातो आणि रेघेची कड फाटते. बारीक पांढरी स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजली जाणारी माती, घ्या. लाल मातीवर काळी रेघ उठून दिसत नाही. शिवाय मंदाईंच्या विधीत पांढऱ्याला मान आहे. रस्ता हा त्यांचा विधीचा पोशाख आणि द्राब्शा या ध्वजाचं रेशीम, दोन्ही पांढरं. त्यामुळे पांढरी माती त्या कलाकारांनाही आवडेल असं वाटतं. टेराकोटावरच ठाम असतील तर उलट करा: लाल अंगात पांढरी स्लिप.

स्लिप त्याच मातीची करा. त्या मातीचे वाळलेले तुकडे कुटून १०० ग्रॅम घ्या, त्यात १२ ग्रॅम काळा स्टेन, पाणी इतकं की दाट दह्यासारखं व्हावं. १०० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा, नाहीतर स्टेनचे ठिपके अक्षराबाहेर उमटतात. वेगळ्या मातीची स्लिप वापरली तर आकुंचन जुळत नाही आणि भाजल्यावर रेघ खाचेतून सुटून पापुद्र्यासारखी निघते. स्टेन १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. तयार स्टेनऐवजी सुटं मॅंगनीज डायऑक्साइड घालायचा मोह टाळा. भाजताना त्याची वाफ फुप्फुसांना आणि मज्जासंस्थेला घातक असते आणि कम्युनिटी स्टुडिओत भट्टीजवळ माणसं असतातच.

वाडगा चाकावर काढा किंवा प्लास्टरच्या उपड्या साच्यावर घाला, पण भिंत ७ ते ८ मिलिमीटर ठेवा. खाच एक ते दीड मिलिमीटर खोल जाते. पातळ भिंतीत ती खाच म्हणजे तडा जाण्याची तयार जागा. वाडगा उथळ आणि पसरट असू द्या. उभ्या भिंतीवर हात टेकत नाही, अक्षर तिरकं होतं. कोरायची वेळ नखाने ओळखता येते: नखाचा ओरखडा उठावा, पण बोटाने दाबल्यावर आकार बदलू नये. त्याआधी आतून पाण्यात मिसळणाऱ्या वॅक्सचा एक हात द्या आणि चिकटपणा जाईपर्यंत थांबा. मग वॅक्समधून थेट कोरा. भरलेली स्लिप वॅक्सवर टिकत नाही, आजूबाजूचा भाग राखाडी होत नाही.

हत्यार सुई नको. सुईची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते, तळाला निमुळती. वरून अर्धा मिलिमीटर खरवडलं की रेघ बारीक होते आणि काही ठिकाणी नाहीशीच होते. तळ गोल असलेलं कोरणं घ्या. लिनोकटचं एक मिलिमीटरचं यू-आकाराचं पातं चालतं, सोनाराचं गोल टोकाचं कोरणंही मातीत उत्तम चालतं. कोरल्यावर उठलेली कड ओली असताना पुसू नका. ती सुकल्यावर मऊ ब्रशने आपोआप पडते. दोन रेघा मिळतात तिथे दुसरी रेघ सांध्यापासून बाहेर जाईल अशी कोरा. बाहेरून सांध्याकडे आलात तर तिथला कोपरा उडतो.

खाच दोन-तीन वेळा भरावी लागते. पहिली स्लिप सुकून खाली बसते. प्रत्येक वेळी पाऊण तास थांबून पुन्हा भरा, शेवटी ती भिंतीच्या वर थोडी उठलेली दिसली पाहिजे. वाडगा प्लास्टिकखाली उपडा ठेवून हळू सुकवा. खरवडण्याची योग्य वेळ म्हणजे स्लिप आणि अंग दोन्ही सारखंच घट्ट झालं की. लवकर केलंत तर काळं पसरतं, पूर्ण वाळल्यावर केलंत तर कडा तुटतात. स्टीलची पट्टी रेघेच्या दिशेने ओढा, आडवी नको. कोरडी धूळ उडवायची नाही. खरवडलेलं ओल्या फडक्याने उचला आणि पी२ मास्क घाला. ही सिलिकाची धूळ आहे, खोकला आला नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

बिस्क १००० अंशांपर्यंत, पहिले ६०० अंश तासाला ८० ते १०० अंशांच्या वेगाने. २०० ते ४०० अंशांच्या दरम्यान वॅक्सचा धूर होतो, भट्टीचं झाकण बोटभर उघडं आणि पंखा चालू असावा. मग कोन ६. आत ग्लेझ द्यायचं नसेल तर थंड झाल्यावर पाण्याखाली ४०० आणि मग ८०० ग्रिटच्या सिलिकॉन कार्बाइड कागदाने घासा. पृष्ठभाग नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो, अक्षर काळंभोर आणि कडा तीक्ष्ण राहते. मला हाच शेवट जास्त आवडतो. चकाकणाऱ्या ग्लेझमध्ये दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि फेऱ्यात लिहिलेला मजकूर वाचताना वाडगा सारखा तिरपा करावा लागतो.

ब्रशनेच लिहायचं असेल तर अंडरग्लेझऐवजी टिन ग्लेझकडे या. त्यालाही बसऱ्याचाच आधार आहे. नवव्या शतकात अब्बासी काळात बसऱ्याच्या कुंभारांनी फिकट पिवळसर मातीवर अपारदर्शक पांढरं ग्लेझ देऊन त्यावर कोबाल्टच्या निळ्याने अक्षरं आणि पानं काढली. मंदाई वस्ती त्याच नदीकाठांवर होती. सोपं मिश्रण असं: फेरो फ्रिट ३१२४ (फ्रिट म्हणजे ग्लेझसाठी दळलेली काच) चे ८५ भाग, चायना क्ले १५ भाग, वर टिन ऑक्साइड ५ आणि झिर्कॉन ८ भाग. भाजणी कोन ०४ला, साधारण १०६० अंश. बिस्क मात्र त्याहून थोडी वर, कोन ०३ला आणि सावकाश करा, म्हणजे लाल मातीतला वायू आधीच निघून जातो. तसं केलं नाही तर पांढऱ्या ग्लेझला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. हे ग्लेझ चिकट असतं, वाहत नाही, म्हणून त्यावरचं अक्षर जागच्या जागी राहतं. कच्चं ग्लेझ पिठासारखं असतं आणि ब्रश ओढताना निघतं. त्यात अर्धा टक्का सीएमसी डिंक मिसळला की बरं होतं. रंगासाठी कोबाल्ट कार्बोनेटचा एक भाग आणि त्याच फ्रिटचे चार भाग. यापेक्षा कोबाल्ट जास्त झालं तर रेघ काळसर, कोरडी आणि खरखरीत होते. चुकलेलं अक्षर पुसता येत नाही, तेवढा तुकडा खरवडून ग्लेझ पुन्हा लावावं लागतं. म्हणून ही पद्धत सराव झालेल्या हातासाठी.

तर माती आणि तंत्राबद्दल माझा सल्ला असा: मुख्य मालिका पांढऱ्या स्टोनवेअरमध्ये इनलेने, दोन-चार वाडगे टिन ग्लेझवर निळ्याने, शाईचे फक्त प्रदर्शनासाठी. आता लिपीकडे वळते, कारण खरी अडचण अजून तिथेच आहे.

मंदाईक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात आणि स्वरही पूर्ण अक्षरांनी लिहितात. परंपरेने २४ अक्षरं मोजतात. पहिलं हल्का, म्हणजे गोल कडं. चोविसावंही तेच, त्यामुळे वर्णमाला वर्तुळासारखी पूर्ण होते. तुमच्या वाडग्यांवर बुजलेलं अक्षर बहुधा हेच. मंदाईकमध्ये ते जवळजवळ प्रत्येक शब्दात येतं, म्हणून अक्षराचं माप ठरवताना हल्कावरून ठरवा: भाजून झाल्यावर त्याच्या आतली मोकळी जागा किमान अडीच मिलिमीटर राहिली पाहिजे. इनलेत एक मिलिमीटरची रेघ धरली तर हल्काचा बाहेरचा व्यास साडेचार मिलिमीटर येतो आणि पूर्ण अक्षरओळीची उंची साधारण आठ मिलिमीटर. माती १२ टक्के आकसत असेल तर कोरताना ओळ नऊ मिलिमीटर हवी आणि १७ सेंटिमीटरच्या वाडग्यासाठी ओला व्यास १९.३ सेंटिमीटर.

मजकूर किती मावेल हेही आधीच काढता येतं. मध्ये दोन सेंटिमीटर त्रिज्येचा भाग मोकळा सोडला, काठाशी थोडी जागा ठेवली आणि दोन ओळींत १२ मिलिमीटर अंतर धरलं, तर केंद्रापासून दोन ते आठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पाच फेरे बसतात. सरासरी फेरा ३१ सेंटिमीटरचा, म्हणजे ओळ एकूण दीड मीटरच्या आसपास, वाडगा खोलगट असल्याने थोडी कमीच. अक्षरामागे सात मिलिमीटर धरून शब्दांमधली जागा वजा केली तर १८० ते २०० अक्षरं. यापेक्षा लांब प्रार्थना कोंबायची नाही, दोन वाडग्यांत विभागायची. कुठे तोडायची ते वाचणाऱ्या माणसाकडूनच विचारून घ्या.

लिहिताना वाडग्याची आपल्या बाजूची भिंत समोर ठेवा. अक्षरांची डोकी केंद्राकडे, पाय काठाकडे. उजवीकडून डावीकडे लिहिलं की ओळ वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, म्हणून फिरतं स्टँड उलट दिशेने हळूहळू वळवत राहायचं. सुरुवात केंद्राजवळून करा आणि काठाकडे या. त्यामुळे मनगट नेहमी न लिहिलेल्या भागावर टेकतं. काठाकडून आत गेलात तर प्रत्येक फेऱ्यात आधीची ओळ हाताखाली घासली जाते. वाडग्यावर आडवी लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर हात टेकवला तर आणखी सोपं. फेऱ्याची मार्गदर्शक रेघ मात्र कोरायची नाही. अखंड गोल खाच म्हणजे भांड्याला कापण्याची रेघ, सुकताना तडा तिच्यावरूनच जातो. ओल्या मातीवर ती मऊ ब्रशने खाद्यरंगाने काढा, भट्टीत जळून जाते. बिस्कवर लिहिणार असाल तर साधी शिसपेन्सिल पुरते.

कॉम्प्युटरवरून मजकूर छापून घेणार असाल तर सावध राहा. मंदाईक लिपी युनिकोडमध्ये २०१० साली, ६.० या आवृत्तीत आली आणि नोटो सॅन्स मंदाईक हा फॉन्ट फुकट मिळतो. पण चित्रकामाचं सॉफ्टवेअर उजवीकडून डावीकडच्या लिप्यांसाठी लावलेलं नसेल तर ते अक्षरं सुटी करतं आणि क्रमही उलटा करतं. ज्याला लिपी येत नाही त्याला ते कळतच नाही. आपल्याकडे मोडी वाचणाऱ्यांना हे लगेच उमगेल: जोडणी तुटली की शब्द उरत नाही. फॉन्टचा उपयोग शब्दलेखन पडताळण्यापुरता करा. अक्षराचं वळण हस्तलिखितांतून घ्या. पुरोहित आणि लेखनिक बोरूने लिहीत आले. बोरूची जाड-बारीक लय आणि रेघांचा क्रम कलाकाराने आधी कागदावर घोटावा, मग त्याच क्रमाने कोरावा. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात मंदाईंच्या अभ्यासक ई. एस. ड्रॉवर यांनी जमवलेली मंदाई हस्तलिखितं आहेत. त्यांतल्या दीवान अबातूर या गुंडाळीतली कोनाकोनाची, चौकटी डोक्यांची चित्रं मातीत कोरायला फार योग्य आहेत. मानवी आकृत्या घालायच्या असतील तर युरोपीय धाटणीऐवजी तिकडे पाहावं.

मजकूर ठरवताना लहानापासून सुरू करा. बहुतेक ग्रंथ आणि प्रार्थना ज्या ओळीने सुरू होतात तिचा अर्थ “महान जीवनाच्या नावाने”, आणि ज्याने अनेक प्रार्थना संपतात ते दोन शब्द, हयी ज़ाकिन, म्हणजे “जीवन विजयी आहे”. पहिल्या डझनभर वाडग्यांना एवढंच पुरे. गिन्झा रब्बा हा मुख्य धर्मग्रंथ किंवा कोलास्ता हे प्रार्थनांचं पुस्तक यांतले लांब उतारे घेण्याआधी तिथल्या तरमिदांना, म्हणजे पुरोहितांना, तीन गोष्टी विचारा: हा उतारा भांड्यावर लिहिणं योग्य का, तो वाडगा विकता येईल का, आणि फुटला तर तुकड्यांचं काय करायचं. मंत्रवाडग्यांच्या जुन्या मजकुरांबद्दल वेगळं विचारा. आपली ओळख जादूटोण्याशी जोडली जावी असं सगळ्यांनाच वाटेल असं नाही. वाचून दाखवण्याची पायरी नेहमी कोरण्याच्या आधी ठेवा. कागदावरचा पूर्ण आकाराचा आराखडा वाचणाऱ्याने बोट ठेवून मोठ्याने वाचावा. भट्टीतून आल्यावर सापडलेली चूक कायमची असते.

मंदाई हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी, कुठे, कोणासाठी नक्कल केली आणि ती कोणाच्या प्रतीवरून. हीच पद्धत वाडग्याच्या तळाला न्या. कलाकाराचं नाव, गाव, वर्ष, मजकूर कुठल्या प्रार्थनेतला आणि कोणी तपासला, हे पायाच्या कड्याच्या आत कोरा. मंदाईंना मल्वाशा हे धार्मिक नाव असतं आणि ते आईच्या नावाने सांगतात. ते वाडग्यावर घालायचं की नाही हे पूर्णपणे कलाकाराच्या मनावर सोडा. त्याच माहितीची वही ठेवा: क्रमांक, फोटो, मजकूर, इंग्रजी आणि अरबी अर्थ. पुढच्या पिढीतली सिडनीत वाढलेली मुलं बहुतेक तिथूनच वाचायला सुरुवात करतील.

मर्टलचा, म्हणजे विलायती मेंदीचा ठसा हा दुसरा सोपा आणि नेमका घटक. बाप्तिस्म्यात डोक्यावर घालायचं क्लिला हे कडं त्याच डहाळीचं करतात. ऑस्ट्रेलियात मात्र नावाने गोंधळ होतो. लेमन मर्टल हे तिथलं वेगळं झाड आहे आणि क्रेप मर्टल आपल्या ताम्हणाच्या कुळातलं. नर्सरीत मिर्टस कॉम्युनिस असंच नाव सांगून मागा. ताजी डहाळी मऊ लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट सुकलेल्या, मातीच्या पट्टीवर ठेवून लाटण्याने एकदाच दाबा, देठ जाड असेल तर आधी उभा चिरा. पान काढलं नाही तरी बिस्कमध्ये जळतं, पण जाड देठाची राख खाली चिकटते, म्हणून शक्यतो काढाच. द्राब्शा टाइलवर उठावात करत असाल तर कापडाची घडी आणि मर्टलची डहाळी स्पष्ट दाखवा. नुसते आडवे-उभे दांडे राहिले तर पाहणारा त्याला ख्रिस्ती क्रूस समजतो.

टेराकोटावरचे पांढरे डाग क्षारांचे आहेत. पाणी सुकताना मातीतले विरघळलेले सल्फेट पृष्ठभागावर आणतं, आणि काठावर किंवा कोरीव कडांवर बाष्पीभवन जास्त म्हणून डाग तिथेच दाटतात. पारंपरिक उपाय बेरियम कार्बोनेट मिसळण्याचा आहे, पण ते विषारी आहे आणि मुलं-माणसं येणाऱ्या स्टुडिओत मी ते ठेवणार नाही. दुसऱ्या कंपनीची माती घेऊन पाहा, सुकवताना वाडगे प्लास्टिकखाली उपडे ठेवा, शेवटच्या टप्प्यात ओला स्पंज फिरवणं बंद करा.

नदीचा प्रश्न दोन भागांत येतो. मस्बुता, म्हणजे बाप्तिस्मा, वाहत्या पाण्यात होतो, आणि सिडनीत मंदाई त्यासाठी नेपियन नदीवर जातात. त्यात वापरायच्या मातीच्या वस्तू, धूप जाळायचं कौका असो किंवा तबकासारखं तरियाना, कशा कराव्यात हे विधी करणारेच ठरवतात. तरमिदांनी मागितलं तर त्यांनी सांगितल्या मापाने आणि सांगितल्या मातीने करून द्या. स्वतःहून “विधीचा वाडगा” करू नका. दुसरा भाग तांत्रिक: पाण्यात जाणारं भांडं कमी सच्छिद्र हवं. तपासणी घरी होते. ग्लेझ न दिलेला भाजलेला तुकडा कोरडा तोला, पाच तास उकळा, चोवीस तास त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. ४१२ ग्रॅमचा ४२८ झाला तर शोषण जवळजवळ ३.९ टक्के, म्हणजे माती पुरेशी भाजली गेली नाही. दोन टक्क्यांच्या आत आणा. प्यायचं पाणी त्यात घालणार असाल तर आतल्या ग्लेझवर व्हिनेगर चोवीस तास ठेवून पाहा. रंग फिका झाला किंवा चकाकी गेली तर ते ग्लेझ पिण्याच्या भांड्यासाठी नको.

शेवटचं, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगते. नमुना म्हणून खरा जुना वाडगा विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. इराकमधून लुटलेल्या वस्तूंच्या बाजारात हे वाडगे नेहमी दिसतात. ऑगस्ट १९९० नंतर बेकायदा बाहेर नेलेल्या इराकी सांस्कृतिक वस्तूंचा व्यवहार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००३ च्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने बंद केलेला आहे. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या वाडग्यांचे फोटो ऑनलाइन पाहता येतात, तेवढं पुरेसं आहे. आणि तुमची हुबेहूब प्रत उद्या जुनी म्हणून कोणी विकू नये यासाठी पायाच्या कड्यात वर्ष आणि “सिडनी” भाजण्याआधी खोल दाबा, किमान दोन मिलिमीटर, म्हणजे घासून काढायला गेलं तर पायच जाईल.

पहिली चाचणी म्हणून पूर्ण वाडगे करू नका. वाकवलेल्या सहा टाइल करा, प्रत्येकीवर हयी ज़ाकिन तीन मापांत कोरा: सहा, आठ आणि दहा मिलिमीटर. तीन टाइल ग्लेझ न देता, तीनवर पातळ ग्लेझ, सगळ्या कोन ६ला. भट्टी उघडल्यावर त्या कलाकारांना आणि लिपी वाचणाऱ्या आणखी एकाला हातभर अंतरावरून वाचायला द्या. ज्या मापात दोघेही न अडखळता वाचतील तेच माप पुढच्या वाडग्यांसाठी धरा आणि निकाल इथे टाका, पुढची स्लिप आणि ग्लेझ त्यावरून ठरवू.